तुले किती भेटते?

ती ऑफिसात रुजू झाली त्या दिवशी दुपारपर्यंत तिनं अकरा जणांना त्यांचा पगार विचारला होता. बारावा आमचा डिझायनर. तो तडक माझ्याकडे आला आणि हळू आवाजात म्हणाला, "वो जो नई दीदी आई हैं ना, सबसे सैलरी पूछ रही हैं."

तक्रार योग्य जागी आली होती. रायपूरमधल्या त्या तीसेक माणसांच्या स्टार्टअपमध्ये एचआर म्हणून मी एकटीच होते. पगाराची फाइल माझ्याकडे असायची, आणि कुणाला किती मिळतं हे दुसऱ्याला कळू न देणं हा माझ्या कामाचा अर्धा भाग होता. मी तिला बाजूला बोलावलं आणि शक्य तितक्या गोड हिंदीत सांगितलं की इथे असं विचारत नाहीत.

"काहून वं, पाप आहे का?" ती म्हणाली. माझं आडनाव तिनं दारावरच्या पाटीवर वाचलं होतं. "अन् मराठी येते ना तुले? मग हिंदी कायले बोलून राहिली?"

मी मराठीत तेच पुन्हा सांगितलं.

"पगार म्हणजे काय लग्नातलं पाकीट आहे, झाकून द्यायले? मिलमध्ये आम्ही सगळे एकमेकांले विचारत होतो. विचारल्यानं कोणाचा कमी नाही झाला." मग तिनं खुर्ची जवळ ओढली. "बरं, तुले किती भेटते?"

मी हसून विषय बदलला. तिनं तो परत आणला. "अन् तो बंगळूरवाला? तो बी प्रोजेक्ट मॅनेजर आहे म्हणते. त्याले किती?"

"सगळ्या प्रोजेक्ट मॅनेजरना साधारण सारखंच असतं, ताई," मी म्हटलं.

ते खोटं होतं. तो बंगळूरला बसून काम करायचा, पण पद दोघांचं एकच, आणि तिची आणि त्याची, दोन्ही ऑफर लेटरं एकाच आठवड्यात मीच टाइप केली होती. त्याला महिन्याला पंचाण्णव हजार. हिला एकोणतीस.

तिचं वय सत्तेचाळीस. पंजाबी ड्रेस, ओढणी कमरेला बांधलेली, आणि पायात लोखंडी टोकाचे सेफ्टी शूज. एसी ऑफिसात, गुळगुळीत फरशीवर, ते बूट घालून ती यायची, आणि ती येतेय हे दोन खोल्या आधी कळायचं. कुणी विचारलं तर म्हणायची, "सवय आहे. पायावर कधी काय पडेल, सांगता येते का?" आमच्याकडे पडण्यासारखं जास्तीत जास्त म्हणजे लॅपटॉप. सकाळच्या शिफ्टची सवय म्हणून साडेअकराला तिचा डबा उघडायचा. नवरा रायपूरमधल्याच गुढियारीच्या मालगोदामात रेल्वेचा कारकून, स्वयंपाक तोच करायचा आणि पोळ्या नेहमी चार जास्तीच्या द्यायचा. त्या चार पोळ्या कुणी खायच्या हे ती फिरून ठरवायची. ज्याच्या पुढ्यात पोळी आली त्याला पाच मिनिटांत आपला पगार, घरभाडं आणि लग्न का जमत नाही हे सांगितल्यावाचून सुटका नसे.

कामाची यादी ठेवायला आम्ही महागडं सॉफ्टवेअर घेतलं होतं. ती कामं डाव्या तळहातावर बॉलपेननं लिहायची आणि काम झालं की थुंकी लावून पुसायची. आमचा मालक तिशीतला, इथलाच मुलगा, बाहेर शिकून परत आलेला. सगळ्यांनी आपल्याला नावानं हाक मारावी असा त्याचा आग्रह. ती त्याला सेठ म्हणायची.

"दीदी, नाम से बुलाइए ना. यहाँ कोई सेठ नहीं है."

"हव सेठ," ती म्हणायची.

ती आमच्याकडे आली कशी, तेही सांगायला हवं. रायपूरजवळच्या उरला औद्योगिक वसाहतीतल्या एका रोलिंग मिलमध्ये ती अठरा वर्षं डिस्पॅचला होती. सरिया, म्हणजे लोखंडी सळया, न्यायला आलेला ट्रक आधी रिकामा तोलायचा, मग भरायचा, परत काट्यावर चढवायचा, कागद देऊन बाहेर काढायचा. आमची कंपनी नेमकं याचंच सॉफ्टवेअर करायची. प्रत्येक ट्रकला मोबाइलवर वेळ मिळणार, गेटवर रांग लागणार नाही. ते दाखवायला मालक तिच्या मिलमध्ये गेला. पडद्यावर रंगीत चित्रं दाखवून झाल्यावर मागून ही उठली.

"भैया, आपके मोबाइल को मालूम है क्या, कि ड्राइवर खाना खाता है?"

लोक हसले. पण प्रश्न खरा होता. लांबून आलेला ड्रायव्हर ट्रकशेजारी स्टोव्ह पेटवून भात टाकायचा, आणि वीस मिनिटांत गेटवर आला नाही की आमचं सॉफ्टवेअर त्याची पाळी रद्द करायचं. मालकाला हे कुणी सांगितलं नव्हतं. तो पुढचे पंधरा दिवस रोज तिच्या टेबलाशेजारी स्टूल टाकून बसला आणि सोळाव्या दिवशी तिला म्हणाला, आमच्याकडे प्रोजेक्ट मॅनेजर म्हणून या.

त्या बोलण्यांच्या वेळी मी खोलीत होते. मालकानं विचारलं, "दीदी, अभी कितना मिल रहा है?"

"बाईस हजार."

त्यानं कागदावर त्याच्यावर तीस टक्के चढवले आणि एकोणतीस लिहिले. तिनं तो आकडा पाहिला आणि हात जोडले. पत्रात कंपनीचे थोडे शेअरही होते. ते कधी मिळतात असं तिनं मला विचारलं. मी सांगितलं, चार वर्षं टिकलात तर, आणि कंपनीचं चांगलं झालं तर.

"म्हणजे माह्या सासऱ्याच्या वर्ध्याच्या शेतावानी," ती म्हणाली. "लग्नापासून देऊन राहिले."

त्या दिवशी मला अपराधी वगैरे वाटलं नाही. ती खूश होती, मालक खूश होता. शिवाय आमच्या धंद्यात हे असंच करतात, हे मी शिकून आले होते.

ते वाटायला लागलं सिलतऱ्याच्या दिवसापासून.

शहराबाहेरच्या सिलतरा औद्योगिक वसाहतीतला एक मोठा लोखंडाचा कारखाना आमचं सॉफ्टवेअर घ्यायला तयार झाला होता. पहिल्या दिवशी नीट चाललं तर पुढच्या फंडिंगची बोलणी पुढे सरकणार होती, म्हणून अख्खं ऑफिस तिथं गेलं. मी पाणी आणि जेवण बघायला. बंगळूरचा प्रोजेक्ट मॅनेजर विमानानं आला, पांढरे शुभ्र बूट घालून. हा प्रकल्प त्याच्या नावावर होता. माणूस सभ्य, हुशार, सर्टिफिकेटवाला. पण त्यानं ट्रकची रांग आयुष्यात पहिल्यांदा पाहिली असावी.

मे महिना. दहाच्या सुमारास आमचा सर्व्हर बंद पडला. सगळे मोबाइल गोल गोल फिरत राहिले. साठेक ट्रक गेटबाहेर, रांग मोठ्या रस्त्यापर्यंत, ड्रायव्हर एकमेकांच्या अंगावर जायला लागलेले. मालक फोनवर ओरडत होता. बंगळूरवाला लॅपटॉप घेऊन सावलीत बसला होता आणि त्याच्या पडद्यावर काहीच हलत नव्हतं.

तिनं ओढणी डोक्याला गुंडाळली, काट्यावरच्या बाबूकडून खडूचा डबा घेतला आणि रांगेच्या शेपटाकडे चालायला लागली. प्रत्येक ट्रकच्या दारावर मोठा आकडा घालत, ड्रायव्हरला नाव विचारत, कुठला माल, किती टन. "चौदा नंबर, तुम खाना बना लो, तुमको दो घंटा है. पंद्रह, तुम अभी चलो." ज्यांच्या अंगात भांडण होतं त्यांच्याशी ती भांडली नाही, त्यांना मुलंबाळं किती ते विचारलं. अर्ध्या रांगेपर्यंत गेल्यावर तिनं मागे वळून हाक मारली, "ओ भैया, सफेद जूते! इधर आओ, लिखो!"

आणि तो आला. दुपारी चारपर्यंत तो तिच्यामागे वही घेऊन पळत होता. बूट लोखंडाच्या धुळीनं काळे झाले. सर्व्हर साडेतीनला उठला तेव्हा शेवटचे सात ट्रक उरले होते.

निघताना त्यानं मला विचारलं, "इन्होंने कौन सा कोर्स किया है?"

कारखान्यानं करार केला. दुसऱ्या दिवशी मालकाचा सगळ्यांना मेल आला. सिलतऱ्याच्या यशाबद्दल बंगळूरवाल्याच्या नेतृत्वाचं कौतुक, आणि खाली 'पूरी टीम का भी शुक्रिया'. बोनसचं पत्र त्याच्या एकट्याच्या नावाचं होतं. ते टाइप करताना माझी बोटं दोनदा थांबली, पण पत्र गेलं. तिनं मेल वाचला आणि म्हणाली, "बरं लिहिलं," आणि तळहातावरचं काहीतरी पुसलं.

तीन दिवसांनी ती माझ्या टेबलाशी आली.

"त्याले पंचाण्णव भेटते," ती म्हणाली. "त्यानंच फोन करून सांगितलं. म्हणे, दीदी, मले झोप लागत नाही."

मी समोरची फाइल मिटली.

"तू म्हटलं होतं, सारखंच आहे."

"हो."

"खोटं बोलली?"

"हो, ताई."

मी तिच्या बोलण्याची वाट बघत होते. तिनं शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. ती म्हणाली, "बरं. चल चहा प्यायले. आता मले शिकव, हे ठरवते कोण अन् कशावरून."

रस्त्यापलीकडच्या टपरीवर मी तिला सांगितलं. इतकं खरं मी त्या नोकरीत कुणालाच सांगितलं नव्हतं. माणूस कुठल्या शहरात बसतो त्यावरून ठरतं. बंगळूरचा दर वेगळा, रायपूरचा वेगळा. आधीच्या नोकरीत किती मिळत होतं त्यावरून. डिग्री आणि सर्टिफिकेट. आधीच्या कंपनीचं नाव मोठं होतं का. हाताखाली किती माणसं. आणि कंपनीत पैसे येण्याच्या आधी आलात की नंतर. फंडिंग आल्यावर जो येतो त्याला जास्त मिळतं, जुन्याला तेच राहतं.

ती लक्ष देऊन ऐकत होती. "म्हणजे कोण कोणत्या महिन्यात आलं, त्याच्यावरून?"

"तेही."

"अन् यात काम कुठं आहे?"

मी चहाचे पैसे दिले. मग म्हटलं, "अजून एक आहे. कुणी किती मागितलं त्यावरून."

"मी किती मागितलं होतं?"

"तुम्ही मागितलंच नाही, ताई. आधी किती मिळत होतं ते त्यानं विचारलं, तुम्ही खरं सांगितलं."

 तिची मुलगी नागपूरला फार्मसीला होती, तिच्या हॉस्टेलचे पैसे दर सहा महिन्यांनी भरायचे असत, हे मला माहीत होतं.

"खरं सांगितलं म्हणून कमी भेटलं," ती म्हणाली, प्रश्न विचारावा तसं नाही, नोंद करावी तसं.

त्याच आठवड्यात ती मालकाकडे गेली. मीही होते. तिनं सिलतऱ्याचं नाव काढलं नाही, बंगळूरवाल्याचंही नाही. म्हणाली, "सेठ, किस काम का कितना, ये दीवार पे लिख दो. कम से कम, ज्यादा से ज्यादा. बस."

मालक वाईट माणूस नव्हता. स्वतः गेले सहा महिने पगार घेत नव्हता, हे मी जाणते. तो थकलेल्या आवाजात म्हणाला, दीदी, असं लिहिलं तर उद्या सगळे माझ्या दारात उभे राहतील. मग पेन घेऊन तो आकडा लिहायला लागला. "आपका पैंतालीस कर देता हूँ. इसी महीने से. लेकिन बात इस कमरे में रहेगी."

तिनं कागद घेतला. "ले लेती हूँ. जरूरत है." दाराशी जाऊन वळली. "पर कमरे वाली बात पे हाँ मैंने नहीं बोला, सेठ."

साडेअकराला डबा उघडताना तिनं सगळ्यांना सांगितलं. एकोणतीसचे पंचेचाळीस झाले, पंचाण्णव मिळायला हवे होते, मागितलं म्हणून एवढे तरी मिळाले. तिच्या आवाजात तक्रार नव्हती, नळाला पाणी आल्याची बातमी सांगावी तसा आवाज होता.

मालक संतापला. मला ताकीदपत्र काढायला लावलं. मी काढलं. तिनं ते वाचलं, तिच्या आडनावातली वेलांटी चुकली होती ती मला दाखवली, दुरुस्त केल्यावर सही केली, आणि साडेअकराला तेही सगळ्यांना वाचून दाखवलं. मी जाऊन मालकाला सांगितलं की दुसरं पत्र काढायचं असेल तर त्यानं स्वतः टाइप करावं.  दुसरं पत्र निघालं नाही.

पुढच्या आठवड्यात टेस्टिंगच्या तीन मुली माझ्यासमोर उभ्या राहिल्या. त्यांच्याच बरोबरीच्या मुलाला सहा हजार जास्त मिळतात हे त्यांना पोळी खाता खाता कळलं होतं. मग दोन डेव्हलपर आले. शेवटी मालकानं एका शनिवारी मला बसवून घेतलं आणि आम्ही दोघांनी कामागणिक किमान-कमाल आकडे ठरवले. भिंतीवर नाही लावले, पण सगळ्यांना पाठवले. काही जणांचं वाढलं; तिचे पंचेचाळीस नेमके किमान आकड्यावर बसले, ते तसेच राहिले. बंगळूरवाल्याची पुढची वाढ मात्र वर्षभर अडकली, आणि त्यानं मला फोन करून थोडी कुरकुरही केली. हे तिला कळल्यावर तिनं नवऱ्याकडून डबाभर ठेठरी, म्हणजे इथली बेसनाची तळलेली वेटोळी, करून घेतली आणि कुरियरनं बंगळूरला पाठवली. सोबत चिठ्ठी होती की नाही, मला माहीत नाही. त्यानं नंतर कुरकुर केली नाही.

पैसे पुढच्या वर्षी संपायला आले आणि मालकानं कंपनी एका मोठ्या, बाहेरच्या कंपनीला विकली. शेअरची चार वर्षं कुणाचीच पुरी झाली नव्हती. नव्या लोकांनी सगळ्यांची यादी मागितली, प्रत्येकाशी नव्यानं बोलणी होणार होती. यादीत पदवीचा रकाना होता, पगाराचा नव्हता. तिचं बी.ए. दुसऱ्या वर्षात सुटलेलं. ज्यांचा रकाना रिकामा त्यांना वगळावं, असं वरून आलं होतं. मी तिच्या नावापुढे सिलतऱ्याचा तो दिवस लिहून पाठवला, साठ ट्रक, खडू आणि सगळं. खाली बंगळूरवाल्यानंही आपणहून दोन ओळी घातल्या. तिला बोलावणं आलं.

मी तिला म्हटलं, "या वेळी आधी किती होतं ते सांगायचं नाही. ते विचारतील, किती हवे. पंचाण्णव म्हणायचं आणि गप्प बसायचं."

"सोपं आहे," ती म्हणाली.

टपरीवर आम्ही सराव केला. मी नवी मालकीण झाले. "आपकी अपेक्षा क्या है?"

"पंचाण्णव," ती म्हणाली. मी गप्प बसले. चारपाच सेकंद गेले असतील. "...नव्वद बी चालेल."

"ताई!"

"बरं, बरं. परत."

दुसऱ्यांदा ती पंचाण्णववरून ऐंशीवर आली. तिसऱ्यांदा मी नुसती चहा ढवळत होते, तेवढ्यात ती स्वतःशीच भाव करत साठवर पोचली आणि वर म्हणाली, "रायपूरच आहे ना बावा, साठ काही कमी नाही." टपरीवाला हसायला लागला. ती हसली नाही. जिनं रायपूरमध्ये भेटलेल्या प्रत्येकाला पगार विचारला होता, तिचा चेहरा उतरला होता.

"दुसऱ्याचा विचारणं सोपं आहे वं," ती म्हणाली. "आपला सांगाले गेलं की जीभ जड होते. असं वाटते, कोणी म्हणेल, तू कोण?"

मी तिला आणखी सात वेळा बोलायला लावलं.

बोलणी व्हिडिओवर झाली. मी नियमाप्रमाणे कोपऱ्यात बसले होते. पलीकडे एक तरुण बाई, चष्मा, फार पटपट बोलणारी. तिनं ट्रकांबद्दल विचारलं आणि आमची ताई वीस मिनिटं अशी बोलली की पलीकडची लिहायची थांबली. मग प्रश्न आला. आपल्याला किती हवेत?

ताईनं डोळे मिटले. "पंचानवे हजार," ती म्हणाली. आणि ओठ घट्ट आवळून घेतले. टेबलाखाली तिचे बूट एकमेकांवर घासत होते, तो आवाज मला ऐकू येत होता.

"ओके, ठीक है," पलीकडची बाई म्हणाली. "लेटर कल भेज देंगे."

पडदा काळा झाला. मी टाळीसाठी हात पुढे केला. ती उठली, बाहेर गेली, आणि जिन्यात पोचल्यावर थांबली.

"एक सांग. एवढ्या पटकन हो म्हणाली ती बाई. म्हणजे मी कमी सांगितलं का?"

'छे हो, अगदी बरोबर सांगितलंत,' हे वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. माणूस समाधानानं घरी जावा म्हणून अशी वाक्यं मी वर्षानुवर्षं बोलत आले होते.

"हो ताई," मी म्हटलं. "कमी सांगितलंत."

"किती?"

"वीस तरी."

ती कठड्याला टेकली. तिनं एकदा वर छताकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. आणि मग तिला हसू फुटलं. इतकं, की तिला पायरीवर बसावं लागलं.

"पंचाण्णव मागितले, पंचाण्णव भेटले, अन् तरी कमी!" ती ओढणीनं डोळे पुसत म्हणाली. "असं दुःख आमच्या खानदानात आजपर्यंत कोणाले झालं नाही वं."

तिनं तिथंच फोन काढला आणि गुढियारीला नवऱ्याला तो आकडा इतक्या मोठ्यानं सांगितला, की तळमजल्यावरच्या दुकानातला माणूस हातातलं गिऱ्हाईक सोडून जिन्याखाली येऊन उभा राहिला आणि वर बघायला लागला.